उसनी गगनरेषा

गेल्या माघ महिन्यात केदारखेड्याच्या परिसरातील एका शाळेने भरविलेल्या चित्रकलास्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला आला. मी चित्रकार नव्हे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. परंतु रविवारी सकाळी जलरंगांची पेटी घेऊन बाहेर पडण्याचे व्यसन विद्यार्थिदशेत जडले ते अद्याप सुटलेले नाही, आणि केदारखेडा हे माझे आजोळ आहे. एवढ्या दोन पात्रतांवर मला त्या खुर्चीत बसविण्यात आले. परीक्षक आम्ही तिघे होतो. त्या दिवशी जो निकाल लागला तो एकमताने लागला, म्हणजे त्याला माझेही मत होते. आणि तो निकाल चुकीचा होता. हा लेख लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

स्पर्धेचा विषय फलकावर 'शहराची स्कायलाईन' असा लिहिलेला होता. माध्यम ऐच्छिक. या इंग्रजी शब्दाला पुष्कळजण 'क्षितिजरेषा' हा प्रतिशब्द वापरतात, तो मला मान्य नाही. क्षितिज म्हणजे जेथे पृथ्वी आणि आकाश मिळाल्याचा भास होतो ती रेषा. ती नेहमी पाहणाराच्या डोळ्यांच्या पातळीवर असते, आणि मोकळ्या माळावर ती असतेच असते. आपल्याला येथे जी रेषा अभिप्रेत आहे ती घरांनी, देवळांनी, झाडांनी व धुरांड्यांनी आकाशात कापलेली कड होय. तिला मी गगनरेषा म्हणेन. शब्दाचा हा घोळ वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु पुढे जो वाद झाला त्याचे मूळ याच घोळात आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

चाळीसएक चित्रे भिंतीला लावलेली होती आणि त्यांपैकी एक सोडून सर्व चित्रे एकच चित्र होते. खाली पाण्याचा एक निळा पट्टा, वर नारिंगी व जांभळ्या रंगांचे आकाश, आणि मध्ये काळ्या रंगात सपाट भरलेले लहानमोठे चौकोन. एका चौकोनाच्या डोक्यावर सुळका: तो न्यूयॉर्कमधील १९३१ सालची एम्पायर स्टेट बिल्डिंग. दोन चित्रांत दुबईचा बुर्ज खलिफा सुईसारखा उभा होता. एकात तर त्याच्या शेजारीच पॅरिसचा आयफेल मनोरा! चौकशी करता कळले की, शिक्षकांनी मोबाईलवर नमुना दाखविला होता आणि मुलांनी तो उतरवून घेतला होता. मुलांचा यात यत्किंचितही दोष नाही. हात त्यांचे चांगले होते. पट्टीने मारलेल्या कडा सरळ होत्या, रंग बाहेर गेलेला नव्हता. परंतु चाळीस मुलांनी दोन तास बसून जे काढले, त्यांपैकी एकही वस्तू त्यांच्यापैकी एकानेही कधी पाहिलेली नव्हती.

जे एक चित्र निराळे होते ते केदारखेड्याच्या आठवीतल्या एका मुलीचे होते. तिने पूर्णा नदीच्या पैलतीरावरून दिसणारे आपले गाव काढले होते. डावीकडे कडुनिंब, त्यामागे देवळाचे शिखर, पत्र्यांची एक लांब उतरती ओळ, मोबाईलचा लोखंडी मनोरा, पाण्याची टाकी, आणि अगदी पुढे, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, तरवडाचे एक झुडूप. काळा पोस्टर कलर तिने पाण्यात इतका पातळ केला होता की, दूरची घरे जवळजवळ आकाशात विरघळली होती. तरवड तेवढा दाट. मी त्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिलो. माझे सहपरीक्षक, जे चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले अनुभवी गृहस्थ आहेत, त्यांनी तीन आक्षेप घेतले. पहिला, विषय शहराचा आहे आणि केदारखेडा हे शहर नव्हे. दुसरा, पोस्टर कलर हे अपारदर्शक माध्यम आहे, ते जाड व सपाटच लावले पाहिजे. ते असे पाण्यासारखे वापरणे हा माध्यमाचा दोष. तिसरा आक्षेप त्यांनी हसत हसत घेतला: "सर, या पोरीला प्रमाणाची जाण नाही. तरवडाचे झुडूप पाण्याच्या टाकीहून उंच!" यावर तिसरे परीक्षकही हसले, आणि सांगण्यास लाज वाटते, मीही हसलो. चित्र बाद झाले. पहिले बक्षीस एम्पायर स्टेटला गेले.

आता या आक्षेपांचा परामर्श घेऊ.

केदारखेडा शहर नाही, हे खरे. परंतु गगनरेषा ही केवळ शहराची मालमत्ता आहे हे कोणी ठरविले? मनुष्याने जमिनीवर काही उभे केले आणि त्यामागे आकाश असले की गगनरेषा झाली. दुसरे असे की, ज्या भोकरदन तालुक्यात हे गाव आहे त्यालाच शहराची ओळख परकी आहे असे समजणे अज्ञानाचे लक्षण होय. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. येथील उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे ज्वालामुखीच्या राखेखाली मिळालेल्या मूर्तीच्या इतकी जवळची आहे की, पाँपेईची मूर्ती याच प्रदेशातून गेली असावी असे काही विद्वानांनी सुचविले आहे. ज्या काळी न्यूयॉर्कच्या जागी अरण्य होते त्या काळी या मुलीच्या तालुक्याच्या गावी व्यापारी पेठ नांदत होती. तिचे आता मातीचे उंचवटे तेवढे उरले. तेथील गगनरेषा कशी होती हे आज कोणालाही सांगता येत नाही, कारण ती कोणी काढून ठेवलेली नाही, किंवा काढली असल्यास टिकली नाही.

शेजारच्या जिल्ह्यात अजिंठा आहे. तेथील भिंतींवर राजवाडे आहेत, सज्जे आहेत, नगरद्वारे आहेत. परंतु ते नगर आतून पाहिलेले आहे. चित्रकार खांबांच्या आड बसलेल्या राणीबरोबर आहे, वेशीबाहेरच्या टेकडीवर नाही. म्हणून अजिंठ्यात शहर भरपूर आहे आणि गगनरेषा जवळजवळ नाही. यात कमीपणा कसलाच नाही. चित्रकाराने उभे राहण्याची जागा निराळी निवडली, एवढेच. आणि माझ्या साऱ्या म्हणण्याचा गाभा या जागेतच आहे. गगनरेषा नावाची वस्तू शहराजवळ नसते आणि चित्रकाराजवळही नसते. ती दोघांच्या मधल्या अंतरात असते. पाहणारा वीस पावले सरकला की शिखर टाकीमागे जाते, मनोरा झाडातून वर येतो, आणि रेषा बदलते. जिला उभे राहण्याची जागा नाही ती गगनरेषा नव्हे, तो छाप होय. आमच्या बक्षीसपात्र चित्राला जर विचारले असते की, "बाळ, तू हे कोठे उभे राहून पाहिलेस?", तर त्याला उत्तर देता आले नसते.

पूर्वीचे लोक हा प्रश्न विचारीत असत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला आणि १७९५ मध्ये वारला. मुंबई बेटाच्या त्याच्या बारा देखाव्यांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १८०० साली, लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील चित्रांची नावे पाहावी: मलबार टेकडीवरून दिसणारा देखावा, माझगावच्या बेलमाँटवरून दिसणारा, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा. काय दिसते याच्या आधी कोठून दिसते हे तो सांगतो. ज्याला आज मुंबईच्या मूळ बेटांमधील पाणी कोठवर होते हे पाहावयाचे आहे त्याला ती चित्रे उपयोगी पडतात ती या प्रामाणिकपणामुळे. याच वेल्सच्या सहवासात पुण्याचा गंगाराम तांबट हा मराठी कलावंत तयार झाला. इंग्रजांचा वकील मॅलेट याच्यासाठी तो वेरूळला गेला, त्याने तेथील लेणी काढली, आणि पर्वतीच्या टेकडीचे पहाटेच्या वेळचे त्याने केलेले चित्र आज अमेरिकेत येल येथील संग्रहालयात आहे. पर्वतीवरील देवळांची शिखरे आकाशावर उमटतात ती पुण्याची अस्सल गगनरेषा नव्हे काय? ती काढण्यासाठी गंगारामाला लंडनचे मनोरे उसने आणावे लागले नाहीत. मराठी माणसाचा या विद्येतील वारसा सव्वादोनशे वर्षांचा आहे, ही गोष्ट आमच्या चित्रकलेच्या वर्गांत किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

याहून मौजेचे उदाहरण वेन्झेल होलार याचे आहे. बोहेमियाच्या या कारागिराने लंडनचा लांबलचक देखावा तांब्याच्या पत्र्यावर कोरून १६४७ साली प्रसिद्ध केला. तो त्याने कोरला अँटवर्पमध्ये, समुद्रापलीकडे. परंतु त्यामागची रेखाटने थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील एका चर्चच्या मनोऱ्यावरून, एकाच जागेवरून केलेली होती. पुढे १६६६च्या आगीत ते लंडन जळाले. या चित्रात होलारने एक घोडचूक केली. शेक्सपियरची नाटके जेथे होत ते ग्लोब नाटकगृह आणि अस्वलांच्या झुंजीचा आखाडा या दोन इमारतींची नावे त्याने उलटसुलट लिहिली! शेक्सपियर शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ही चूक विशेष प्रिय आहे. पुढे विद्वानांनी ती पकडली. आणि ती पकडता आली याचे कारण रेषा बरोबर होती. नावांनी त्याला दगा दिला, डोळ्यांनी दिला नाही.

येथे प्रतिपक्षाच्या वतीने एक आक्षेप मीच घेतो, कारण तो खरोखर बळकट आहे. व्हेनिसचा जो जगप्रसिद्ध नकाशावजा देखावा याकोपो दे बार्बारी याने १५०० साली सहा लाकडी ठशांतून छापला, तो आकाशातून पाहिलेला आहे. तेथे कोणी उभे राहणे त्या काळी शक्य नव्हते. मग जागेचा माझा सिद्धांत कोसळला की काय? मला तसे वाटत नाही. अभ्यासकांच्या मते तो देखावा शहरातील अनेक घंटाघरांवर चढून केलेल्या निरीक्षणांतून जुळविलेला आहे. म्हणजे त्यामागे जागा नाही असे नव्हे. पुष्कळ जागा आहेत. आपल्याकडे ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांनी हेच निराळ्या रीतीने केले. व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या या चित्रकाराने २००१ साली 'लोअर परेल' नावाचे मोठे चित्र रंगविले. त्यात पूल, रस्ते, जुन्या इमारती आणि गिरण्यांचा मुलूख एकाच दृष्टिकोनात न बसविता अनेक दृष्टिकोन एकमेकांत गुंतविलेले आहेत. ज्याने त्या भागातून पायी वणवण केली आहे त्यालाच असा गुंता उभा करता येतो. एका जागेचा नियम मोडण्याचा अधिकार त्याला आहे, कारण त्याने आधी अनेक जागा मिळविल्या आहेत. एकाही जागी उभा न राहिलेला मनुष्य तो अधिकार सांगू लागला तर त्याला काय म्हणावे?

आता माध्यमाचा आक्षेप. त्याच्याजवळ मी अंमळ जास्त वेळ थांबणार आहे, कारण शिकलेल्या लोकांतही याविषयी फार गैरसमज आहे. माध्यम म्हणजे चित्राचा पोशाख, आतला देह तोच, असे समजले जाते. गगनरेषेच्या बाबतीत तरी हे साफ खोटे आहे. शहर आणि आकाश यांच्यामध्ये जी कड असते ती प्रत्येक माध्यमात निराळी जन्मते.

टाक आणि शाई घ्या. शाईला राखाडी रंग ठाऊक नाही. ती हो म्हणते किंवा नाही म्हणते. राखाडीचा भास हवा असेल तर रेघांची जाळी विणावी लागते, म्हणून टाकाने शहर काढणारा मनुष्य आपोआप खिडक्या मोजू लागतो. मारिओ मिरांडा यांच्या मुंबईत प्रत्येक खिडकीत कोणी ना कोणी डोकावत असते ते यामुळेच. कोळशाचे याच्या उलट. त्यात आधी सगळा कागद काळवंडावा आणि मग खोडरबराने किंवा पावाच्या गोळीने उजेड पुसून बाहेर काढावा. तेथे गगनरेषा काढली जात नाही, उघडी केली जाते. लिनोच्या ठशात जे कोराल ते पांढरे राहते आणि जे ठेवाल ते काळे छापते. शिवाय छापताना डावे उजवे होते. राजाबाई मनोऱ्याचा ठसा कोरणाऱ्या बेसावध विद्यार्थ्याने शहर सरळ कोरले की छापल्यावर सगळी मुंबई आरशात उभी राहते आणि समुद्र भलत्या बाजूला जातो. मी स्वतः कॉलेजात असताना हा पराक्रम केलेला आहे.

जलरंगांचे शास्त्र तर या सर्वांहून कठोर. तेथे उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा. एकदा तो झाकला की गेला. म्हणून आकाश आधी, एका दमात, ओल्या कागदावर. मग खरा प्रश्न येतो: आकाशाचा वॉश वाळण्याच्या आत घरे लावावयाची की वाळल्यानंतर? ओल्यावर लावली तर रंग पसरतो आणि कड धुक्यात जाते. वाळल्यावर लावली तर ती चाकूने कापल्यासारखी येते. मधली दोन मिनिटे अशी असतात की कागदाची चमक गेलेली असते पण ओल राहिलेली असते, आणि त्या दोन मिनिटांत सबंध शहराचे भवितव्य ठरते. मुंबईच्या पावसाळी आकाशाला हे माध्यम किती साजते हे ज्याने आषाढात मरीन ड्राइव्हवर उभे राहून पाहिले आहे त्यास सांगणे नलगे. माघातल्या पूर्णाकाठी सकाळी धुके असते, आणि तेथेही ते साजते. तैलरंगाला घाई नाही. तो दिवसेंदिवस ओला राहतो, खरवडता येतो, पुन्हा लावता येतो. फ्रेंच चित्रकार मोने याने १९००च्या आसपास लंडनच्या एका रुग्णालयाच्या गच्चीवरून तेथील पार्लमेंटची इमारत धुक्यात पुनःपुन्हा रंगविली आणि ती कापडे घरी नेऊन त्यांवर काही वर्षे काम केले. जागा तीच, इमारत तीच, आणि प्रत्येक वेळी आकाश निराळे म्हणून गगनरेषाही निराळी. जलरंगात एवढा धीर चालला नसता.

पोस्टर कलर जाडच लावावा या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर रझा यांच्या चित्रांत आहे. सय्यद हैदर रझा यांनी १९४०च्या दशकात मुंबईची जी जलरंगचित्रे केली त्यांत शहर ओले, हलते, डागांडागांचे आहे. १९५० साली ते फ्रान्सला गेले आणि पुढच्याच वर्षी 'ओ द कान्य' या चित्रात त्यांनी घरांचा एक पुंजका काळ्या सूर्याखाली कापून काढल्यासारखा बसविला. हे चित्र गुआश या अपारदर्शक जलरंगातले आहे, म्हणजे आमच्या शाळेतील पोस्टर कलरच्या थोरल्या भावंडातले. हात एकच, पाण्यात मिसळणारे रंग दोन्हीकडे. परंतु पारदर्शक रंगाने एक शहर दिले आणि अपारदर्शकाने दुसरे. तेव्हा माध्यमाचा धर्म असतो हे मला मान्य आहे. परंतु धर्म म्हणजे सरकारी परिपत्रक नव्हे. अपारदर्शक रंगात पाणी वाढविले की तो अर्धपारदर्शक होतो आणि त्याला एक मळकट, दुधी छटा येते. स्वच्छ जलरंगाला ती साधत नाही. धुरकट सकाळी पूर्णेपलीकडची पत्र्याची घरे नेमकी त्याच छटेची दिसतात. मुलीजवळ जलरंगांची महाग पेटी नसावी, एक काळी बाटली असावी. तिने त्या बाटलीतून जे हवे ते काढून घेतले. याला माध्यमाचा दोष म्हणणाऱ्याने माध्यमाची व्याख्या बाटलीवरच्या चिठ्ठीवरून केली आहे, रंगावरून केलेली नाही.

सपाट काळ्या चौकोनांवर माझा राग आहे याचे कारण केवळ ते उसने आहेत हे नव्हे. काळा सपाट आकार ही काही वाईट गोष्ट नाही. सूर्य मागे असला की सर्व काही तसेच दिसते. परंतु त्या नमुन्यांत सूर्य सदैव मागेच असतो! यामुळे शहराचे बाकी सगळे लोपते. मुंबईचे उदाहरण घ्या. १८७८ साली राजाबाई मनोरा पुरा झाला तेव्हा त्याची २८० फूट उंची मुंबईत कोठूनही दिसे. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून तो विद्यापीठासाठी उभा राहिला. शहराच्या माथ्यावर ग्रंथालय होते. त्यानंतर परळ-लालबागेत गिरण्यांची धुरांडी आली आणि गगनरेषा कामगारांची झाली. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, धुरांडी पडली किंवा बहुमजली घरांच्या मध्ये शोभेला उरली, आणि आता त्याच जमिनीवर काचेचे मनोरे आहेत. तीन रेषा, तीन मुंबया. आणि कोण कोणाकडे मान वर करून पाहत होते याचा हा इतिहास आहे. धुरांडे विटांचे होते आणि मनोरा काचेचा आहे, धुरांड्यातून धूर निघे आणि काचेत आकाश दिसते, हा भेद काळ्या पट्टीत कसा दाखविणार? तेथे दोघेही सारखेच काळे. जालन्याची मुले रोज सकाळी लोखंडाच्या कारखान्यांचा धूर पाहतात. त्यांच्या हाताला न्यूयॉर्कची सावली काढण्याचे वळण लावल्यावर तो धूर त्यांना चित्रात यावयास योग्य वाटेनासा होतो. आपल्या डोळ्यांपुढे जे आहे ते काढण्याच्या लायकीचे नाही, हे त्या बिचाऱ्यांना कोणी तोंडाने सांगत नाही, बक्षिसे सांगतात.

कोणी म्हणेल, मुले नकलेनेच शिकतात, मग एवढा गहजब कशाला? नकलेला माझा विरोध मुळीच नाही. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी युरोपीय पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून हात घटविला, आणि त्याच शाळेतून धुरंधरांसारखे चित्रकार निघाले. परंतु प्लास्टरचा पुतळा समोर ठेवलेला असतो. त्यावर उजेड पडतो, विद्यार्थी उजवीकडे बसला की त्याला उजवी बाजू दिसते, आणि शेजाऱ्याचे चित्र त्याच्यापेक्षा निराळे येते. मोठ्या चित्रकाराच्या चित्राची नक्कल केली तरी त्याच्या हाताचा निर्णय कोठे कोठे झाला हे हाताला कळते. आमच्या मुलांनी ज्याची नक्कल केली त्यात कोणाचा निर्णयच नव्हता. तो हजारदा उतरविलेल्या नकलेचा उतारा होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकलापरीक्षांत 'स्मरणचित्र' नावाची प्रश्नपत्रिका असते. किती सुंदर शब्द आहे! ज्याने योजला असेल त्याला मुलांनी पाहिलेल्या जत्रेचे, विहिरीचे, बसथांब्याचे स्मरण अपेक्षित असणार. आता शिकवणीवर्गांत ठरावीक मनुष्याकृती पाठ करून घेतल्या जातात आणि स्मरण राहते ते त्यांचे. दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही तक्रार करीत नाहीत. सुशिक्षित घरांतून जर कोणी विचारीत नसेल की, "हे तू कोठे पाहिलेस?", तर शिक्षकाला एकट्याला दोष देणे न्यायाचे होणार नाही.

आता तर यंत्राला चार शब्द सांगितले की ते पापणी लवते न लवते तोच सूर्यास्तासह शहर रंगवून देते. त्याची मला भीती वाटत नाही. काळ्या चौकोनांची विद्या त्या यंत्राने खुशाल घ्यावी. ती विद्या मुलांकडून काढून घेतल्यास मी यंत्राचा आभारीच होईन. माघातल्या एका सकाळी पूर्णेच्या काठी कोणी तरी प्रत्यक्ष थंडीत बसणे एवढे मात्र त्याच्याकडून होणार नाही. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. अशा स्पर्धांच्या फलकावर विषयाखाली एक ओळ वाढवावी: 'चित्र कोठून पाहून काढले ते मागे लिहावे.' ज्याच्या चित्रामागे जागा लिहिलेली नसेल ते चित्र परीक्षकांपुढे ठेवू नये. याला पैसा लागत नाही, समिती लागत नाही, आणि शहरगाव हा भेदही त्यात उरत नाही.

तिसऱ्या आक्षेपाचे, म्हणजे तरवडाचे, उत्तर द्यावयाचे राहिले. ते माझ्याजवळ त्या दिवशी नव्हते. फाल्गुनात पुन्हा केदारखेड्यास गेलो तेव्हा सकाळी पूल ओलांडून पैलतीरी उतरलो आणि ती जागा शोधू लागलो. कडुनिंबाच्या डावीकडे शिखर यावे, मनोरा पत्र्यांच्या टोकाशी यावा, अशा बेताने सरकत सरकत अर्ध्या तासात ती सापडली. तरवड तेथेच होता, चार हातांवर, पिवळ्या फुलांनी भरलेला. जेमतेम माझ्या छातीपर्यंत. त्याच्यावरून पलीकडे पाण्याची टाकी चांगली ठसठशीत, उंच दिसत होती. म्हणजे आमचे मित्र बरोबर होते आणि पोरीला प्रमाणाची जाण नव्हती, असे मनाशी म्हणत मी पेटी उघडण्यासाठी तेथल्या एका दगडावर बसलो. दगड घासून गुळगुळीत झालेला होता. बसल्यावर डोळे वर केले, तो क्षितिज माझ्याबरोबर खाली आले होते, आणि तरवडाचा शेंडा टाकीच्या वर गेला होता.